पाखाडीचं गाऱ्हाणं

भाऊजींनी चहाचा कप ओटीच्या कठड्यावर ठेवला, मिशी पुसली आणि हवापाण्याचं बोलावं तितक्या सहज सांगून टाकलं, "वहिनी, यंदा पालखी टेम्पोनं वर येणार."

मी सुपात तांदूळ निवडत होते. माझा हात थांबला. "कोणी ठरवलं?"

"मंडळानं. दादरला मीटिंग झाली."

"पालखी निवेखोलची आणि मीटिंग दादरला?"

भाऊजी हसले. ते चिडणाऱ्यांतले नव्हते, हीच त्यांची मोठी पंचाईत होती. चिडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. माझे हे धाकटे दीर, दिगंबर मांडवकर, मुंबईत स्वतःचा टूर्सचा धंदा करायचे आणि गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष होते. शिमग्याला नि गणपतीला गावी आले की त्यांच्या गाडीमागे चार गाड्या असायच्या.

"अहो, निम्म्या मंडळाचे गुडघे गेलेत," ते म्हणाले. "पाखाडी चढवते कोणाला? डांबरी रस्ता आहे, तर वापरूया की. टेम्पो फुलांनी सजवू, स्पीकर लावू. देवी मानानं बसून येईल."

"आणि शिमगा उरकला की जेसीबी येणार, तेही खरं का?"

ओटीच्या कोपऱ्यात माझे सासरे घोंगडीवर बसले होते. मी त्यांना मामा म्हणायची. दम्यानं बेजार झालेला माणूस, सकाळभर नुसता श्वास गोळा करत बसायचा. त्यांनी मान वर केली नाही. भाऊजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरं आहे. पाखाडी काढून टाकायची आणि तिथून सरळ गाडीवाट न्यायची, थेट देवळापर्यंत. पोरांनाही गाडीतून शाळेत सोडता येईल. तुमच्याच सोयीचं बघतोय मी."

माझ्या सोयीचं! मी सूप बाजूला ठेवलं.

आमची वरची वाडी डोंगराच्या खांद्यावर आहे आणि देऊळ, शाळा, दुकान सगळं खालच्या वाडीत. दोहोंच्या मधे पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पायवाट. कोणाच्या पणजोबांनी बांधली कोण जाणे, पण बांधणाऱ्याला चालणाऱ्याची कदर होती. दम लागेल तिथे बसायला सपाट दगड, वर आंब्याफणसाची सावली. मग डोंगराला लांब वळसा घालून डांबरी रस्ता आला, माणसं रिक्षात बसायला शिकली आणि पाखाडीवर घाणेरीची झुडपं माजली. शिमग्याला पालखी वर यायची म्हणून मानकरी तेवढ्यापुरतं रान तोडायचे, की पुढच्या शिमग्यापर्यंत पुन्हा जंगल.

पोरं सहा आसनी रिक्षात कोंबून शाळेत जायची. एका दिवाळीनंतर रिक्षावाल्यानं रिक्षा विकली आणि तो रत्नागिरीला निघून गेला. झालं! वरच्या वाडीची पोरं घरी बसली. ज्यांना झेपलं त्यांनी देवरुखच्या शाळेची व्हॅन लावली. शेवटी आमचे गुरुजी स्वतः घाम पुसत वर आले. म्हणाले, "सुगंधाताई, वरच्या वाडीची पोरं आली नाहीत तर पट भरायचा नाही, आणि पट भरला नाही तर शाळा बंद करतील. मग खालच्या पोरांनीही कुठे जायचं?"

माझी वैदेही तेव्हा दुसरीत होती. आमचे हे मुंबईला नोकरीत, घरात गाडी नाही, गाडी चालवणारं कोणी नाही. देवानं पाय मात्र दोघींनाही धडधाकट दिले होते. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला, कोयती घेतली आणि पोरीला म्हटलं, "चल." पहिल्या दिवशी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा शाळा सुटत आली होती.

शेजारची शेवंती मला बघून खो खो हसली. "काय गो, पोरीला डाक्तर करनार हायस का लाकूडतोडी?" पण चारच दिवसांत तिची दोघं पोरं रडून रडून माझ्यामागे आली आणि त्यांच्यामागे तीही आली. मी पुढे कोयती घेऊन, शेवंती सगळ्यांत मागे, कारण करवंदीच्या जाळीपाशी पोरं हमखास रेंगाळायची. माघ संपेपर्यंत वरच्या वाडीची सगळी पोरं पाखाडीनं जायला लागली. व्हॅनमध्ये बसणारी दोघंसुद्धा उतरली, कारण व्हॅनमध्ये झाडावरच्या चिंचा पडत नाहीत. मग म्हातारीकोतारी रेशन आणायला त्याच वाटेनं उतरू लागली. सोनू सुतार तर आपली सुटलेली ढेरी आत जाते का बघायला म्हणून रोज खाली जाऊन वर यायचा. ढेरी काही गेली नाही, पण माणूस घोरायचा थांबला, असं त्याची बायको सांगायची. शाळेचा पट भरला होता.

आणि आता जेसीबी.

पण त्याच्या आधी टेम्पो का, हे मला तिथेच ओटीवर लख्ख कळलं. निवेखोलचा जुना नेम होता, ज्या वाटेनं वाघजाईची पालखी जाते ती वाट कोणी मोडायची नाही, अडवायची नाही, तिच्यात खुंटसुद्धा ठोकायचा नाही. पालखी पाखाडीनं येत होती तोवर कोणाची हत्यार लावायची छाती नव्हती. ती एकदा टेम्पोत चढली की पाखाडीचे नुसते दगड उरणार होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "त्या उतारावर गाडीवाट टिकायची नाही. पहिल्या पावसाळ्यात खाली येईल. मग ना गाडी, ना पाखाडी. पोरांनी काय उडत जायचं?"

"इंजिनियरला दाखवलंय."

"पोरांना दाखवलंयत?"

आता मात्र त्यांचं हसू गेलं. 

"वहिनी, तुम्हाला ती पाखाडी गोड वाटते. मी आईला त्या पाखाडीनं खुर्चीत बांधून खाली नेलीय. तेव्हा डांबरी नव्हता. तुम्ही नव्हतात या घरात. मी पुढच्या बाजूला होतो, दादा मागे. प्रत्येक पायरीला ती कण्हत होती. घळीच्या वळणावर कण्हायची थांबली. मला वाटलं, झोप लागली." त्यांनी कप उचलला, तो रिकामा आहे हे बघून परत ठेवला. "मला ती वाट डोळ्यासमोर नको."

ते उठून गेले.  माणूस चुकत होता, पण खोटा नव्हता.

मी मामांसमोर जाऊन बसले.

"मामा, तुम्ही बोला काहीतरी. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. उद्या गाऱ्हाणं तुम्हीच घालणार ना? त्यात घाला पाखाडीचं."

आमच्याकडे पालखी उचलण्याआधी देवीपुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस हातात नारळ घेऊन साऱ्या गावाच्या वतीनं देवीला साकडं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर गाव एका तोंडानं "व्हय म्हाराजा!" म्हणतो. एकदा हुंकार दिला की गाव बांधला गेला, मग वर्षभर त्यात बदल नाही. नारळ ज्याच्या हातात, गाऱ्हाणं त्याच्या तोंडी, आणि सुरू झालेलं गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नाही. धाकू मांडवकर, म्हणजे आमचे मामा, माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच्याही कितीतरी आधीपासून हा नारळ धरत होते.

मामांनी घोंगडी सावरली. मग म्हणाले, "पोराच्या आड बापानं गाऱ्हानं घालायचं नसतं गो. बापाचं गाऱ्हानं पोराला लागतं."

"अहो, पण..."

"लागतं म्हनून सांगितलं ना! त्येचं काय वायट झालं तर मी कुनाकडं बगू?" एवढ्या बोलण्यानं त्यांना उबळ आली. मी पाठ चोळली, पाणी दिलं. पाणी पिऊन ते भिंतीला टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "उद्या तू माज्या अंगाला उभी ऱ्हा. हल्ली उभ्यानं धाप लागते मला. धरायला कुनीतरी लागंल."

मला राग आला. सांगायला लाज कशाला? चांगला सणसणून राग आला. मी पाखाडी वाचवायला बघतेय आणि यांना आधाराला काठी हवीय!

दुपारी मी मानकऱ्यांची घरं पालथी घातली. एकानं मान डोलावली आणि मंडळानं देवळाला घातलेल्या नव्या लाद्या दाखवल्या. दुसरा म्हणाला, "तुजं बरोबर हाय, पन दिगूशेटचंबी बरोबर हाय." तिसरा मी अंगणात पाय ठेवायच्या आत मागच्या दारानं काजूच्या बागेत गेला. बायका माझ्या बाजूच्या होत्या, पण देवळातल्या ठरावात बायकांना विचारतो कोण?

परत येताना घळीच्या वळणावर शेवंती भेटली. तिथे तीनेक पायऱ्या खचल्या होत्या. शेवंती पोरांना हाताशी घेऊन दगड बसवत होती. सकाळपासून माझ्या घरात काय चाललंय हे तिला ठाऊक होतं. आमच्या भिंती एकमेकींना लागून आहेत.

"कशाला आता?" मी म्हटलं. "परवा जेसीबी यायचाय."

"परवा ना? पोरां उद्यापन ह्याच वाटंनं देवळात जानार हायत," शेवंती म्हणाली. "धर ह्यो दगड. उबी काय ऱ्हायलीस?"

मी पदर खोचला. अंधार पडायच्या आत आम्ही तिन्ही पायऱ्या बसवल्या. सोनू सुतारानं वरून नाचून बघितलं. हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे सारा गाव लोटला होता. सहाणेवर, म्हणजे देवळासमोरच्या चौथऱ्यावर, पालखी सजली होती. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, लागली होती, अबोलीचे गजरे, नवी साडी. आणि सहाणेच्या पायथ्याशी टेम्पो. झेंडूनं असा मढवला होता की ड्रायव्हरला पुढचं दिसत असेल की नाही कोण जाणे. टपावर दोन भलेमोठे स्पीकर. भाऊजी पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात, कपाळाला गुलाल, सगळ्यांत पुढे उभे होते. आमच्या वाडीची पोरं देवळाच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ओळीनं बसली होती. त्यांच्यात वैदेही. तिच्या गुडघ्याला कालच्या जांभ्याची लाल माती तशीच होती.

बाळा गुरवानं मामांच्या हातात नारळ दिला. मी त्यांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे उभी राहिले. दोन-चार डोळे माझ्याकडे वळले, पण म्हाताऱ्याला आधार म्हणून कोणी काही बोललं नाही. ढोल थांबले.

"बा आये वाघजाये," मामांनी सुरुवात केली. आवाज खोल गेलेला, पण स्वच्छ. "आज शिमग्याच्या सनाला तुजी लेकरां तुज्या पायाशी गोळा झाल्येत..."

"व्हय म्हाराजा!"

"जी मुंबयला हायत, त्येंच्या रोजीरोटीला यश दे..."

"व्हय म्हाराजा!" यात भाऊजींचा आवाज सगळ्यांत मोठा. अध्यक्षाचा आवाज तो.

"जी हितं हायत, त्येंच्या गुराढोरांवर, पिकापान्यावर नजर ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि आये..." मामा थांबले. छाती वरखाली झाली. आणि मग अशी उबळ आली की म्हातारा कमरेत मोडला. मी पुढे झाले, एक हात त्यांच्या पाठीवर टाकला आणि त्याच क्षणी नारळ त्यांच्या हातातून सुटला. गाऱ्हाण्याचा नारळ जमिनीला लागू द्यायचा नसतो. मी दुसऱ्या हातानं तो वरच्यावर झेलला.

मामा सहाणेच्या कडेवर बसले, खोकत, मान खाली घालून.  ढोलवाल्यांनी टिपऱ्या धरून ठेवल्या होत्या. गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं आणि नारळ माझ्या हातात होता.

बाळा गुरवानं माझ्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पुरं करा वयनी. आर्धं सोडू नका."

"बाईमाणूस?" मागून कोणीतरी म्हणालं.

मी कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. खोटं कशाला बोलू? पण दरवर्षी ऐकून ऐकून ते गाऱ्हाणं मला तोंडपाठ होतं. चुलीपुढे बसून कितीदा मनातल्या मनात म्हटलं होतं. मी डोळे मिटले आणि मामांच्याच बोलीत, त्यांच्याच चालीत पुढचं उचललं.

"आनि आये, जी लेक सासरी गेलीय, तिला सुखात ठेव..."

काहीच नाही.  मग गडग्यावरून, पोरांच्या ओळीतून, बारीक आवाजात आलं, "व्हय म्हाराजा!" वैदेही होती. तिच्या पाठोपाठ सगळी पोरं.

"ज्येंच्या घरात दुखनं हाय, त्येंचं दुखनं दूर कर..."

"व्हय म्हाराजा!" आता बायकांचे आवाजही आले.

"ज्येंच्या पोटी पोर नाय, त्येंची ओटी भर..."

"व्हय म्हाराजा!" सवयच ती. पुरुषमाणसं त्यात कधी मिसळली ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. भाऊजींचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर चढला.

इथे मामांचं गाऱ्हाणं संपायचं. 'चुकलंमाकलं पदरात घे' एवढं म्हणून नारळ ठेवायचा. मी नारळ घट्ट धरला.

"आये, ही पोरां रोज तुज्या वाटंनं साळंत जातायत. त्येंच्या पायाला काटा लागू देव नको..."

"व्हय म्हाराजा!"

"तुजी वाट हाय, ती तशीच राख. तिला कुनी हत्यार लावू नये आनि कुनी लावू देव नये..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि आज आमच्या खांद्यावर बसून, तू त्याच वाटंनं वर ये!"

"व्हय म्हाराजा!"

सहाणेच्या मागच्या डोंगरावरून आवाज परत आला. मी चुकलंमाकलं म्हटलं, नारळ देवीपुढे ठेवला आणि डोळे उघडले. समोर सगळ्यांची तोंडं उघडीच होती. हुंकार देऊन झाल्यावर आपण कशाला हो म्हणालो ते आता एकेकाच्या ध्यानात येत होतं. सोनू सुताराला हसू आवरेना म्हणून त्यानं उपरणं तोंडात कोंबलं.

भाऊजींचा चेहरा गोरामोरा झाला होता. "हे काही खरं नाही," ते म्हणाले. "बाईमाणसानं घातलेलं गाऱ्हाणं गाव धरत नाही."

"नारळ हातात व्हता," बाळा गुरव शांतपणे म्हणाला. "आनि हुंकार गावानं दिला, दिगूशेट. तुमचा तर सगळ्यांत मोटा व्हता."

मागे हशा पिकला. भाऊजींनी वळून पाहिलं तसा तो विरला. ते माझ्यापाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, काल मी तुम्हाला आईचं सांगितलं होतं. कोणाला न सांगितलेलं सांगितलं होतं. त्याचं हे केलंत?"

मला ते लागलं. आजही लागतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी सहाणेच्या कडेवरून मामांचा आवाज आला.

"दिगू, हिकडं ये."

भाऊजी गेले. मामांनी त्यांचं मनगट धरलं. खोकला थांबला होता, धाप नव्हती.

"तुजी आवस त्या वाटंनं खुर्चीतनं एकदाच गेली. बाकी सारा जलम आपल्या पायांनी गेली. नवरी व्हऊन त्याच पायऱ्या चढली. तुला कडंवर घिऊन साळंत घालायला त्याच वाटंनं उतरली, तू आरडत व्हतास म्हनून घळीपाशी बसून तुला करवंदां दिली. त्यातलं तुला येकच कसं रं आठवतं?"

 भाऊजींची नजर बापाच्या पायांवर गेली. मग त्यांनी झब्ब्याच्या बाहीनं डोळे पुसले, गुलाल सगळा गालावर आला आणि ते वळून टेम्पोवाल्याला म्हणाले, "स्पीकर खाली उतरव."

"आनि मी काय करू मंग?" टेम्पोवाला रडवेला झाला. "सकाळधरनं फुलां लावतोय!"

"आमच्या बाबांना घेऊन जा वर. डांबरीनं. सावकाश."

म्हणून त्या वर्षी निवेखोलच्या शिमग्यात झेंडूनं मढवलेल्या टेम्पोत एकटे धाकू मांडवकर बसून आले. वाटेत लोक हात जोडत होते, असं ड्रायव्हर नंतर सांगायचा, आणि मामाही म्हणे खुशाल आशीर्वाद देत होते.

पालखी पाखाडीनं निघाली. ढोल पुढे, पोरं ढोलाच्याही पुढे. रोजची त्यांचीच वाट, त्यांना कोण मागे ठेवणार? मुंबईचे गुडघे कुरकुरत होते, दर सपाट दगडावर कोणी ना कोणी बसत होतं, पण सावली होती आणि मोहराचा वास होता आणि बसलेला माणूस परत उठतही होता. घळीच्या वळणाच्या आधी भाऊजींनी चपला काढल्या, पुढच्या खांदेकऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पालखीचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला. वळणावर, आम्ही आदल्या दिवशी बसवलेल्या पायरीवर ते क्षणभर थांबले. ढोलही थांबले. कोणी घाई केली नाही. मग ते चढले.

पायरी हलली नाही. शेवंतीनं माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी फुटली.

जेसीबी त्या वर्षी आला नाही, पुढेही आला नाही. भाऊजींनी मंडळाकडून घळीला लोखंडी कठडा मात्र करून घेतला. म्हाताऱ्यांना धरायला म्हणाले. आता आमच्या वाडीची पोरं उतरताना त्या कठड्यावर काठ्या वाजवत जातात आणि शाळेच्या घंटेआधी तो आवाज खाली पोचतो. वैदेही देवरुखला शिकवते, शिमग्याला आली की एस्टीतून खाली उतरते आणि बॅग पाठीला लावून पाखाडीनं वर येते.

पण मला सांगायची आहे ती त्या दुपारची गोष्ट. पालखी आमच्या अंगणात येऊन गेली होती, मी ओटी भरली होती, माणसं पुढच्या घरी गेली होती. मामा आपल्या जागेवर, घोंगडीवर, भिंतीला टेकून बसले होते. टेम्पोतली दोन झेंडूची फुलं त्यांच्या टोपीवर अडकली होती. मी ती काढली आणि खाली बसले. 

"मामा, तुमच्यावर काल चिडले होते मी," मी म्हटलं. "पण आज ऐन वेळी तुम्हाला उबळ आली म्हणून निभावलं. नारळ तुमच्या हातून सुटला नसता तर..."

मामांनी एक डोळा उघडला.

"दमा मला तू ह्या घरात यायच्या आदीपासनं हाय," ते म्हणाले. "शिमग्याच्या गारठ्यात खोकत खोकत किती गाऱ्हानी घातली मी. नारळ कदी सुटलेला बगितलास?"

 त्यांनी डोळा मिटून घेतला, घोंगडी गुडघ्यांवर ओढली आणि चहा मागितला. आलं जरा जास्त घाल म्हणाले.